दाद शून्य

आकडा शून्य होता. प्रणिता बोरकुटेने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत लावला. तरी शून्यच. चंद्रपुरात सतरा वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेल्या बाईने स्वतःच्या डोळ्यांवर काय शंका घ्यायची? तिने ती यंत्रावर घेतली. कानातल्या दोन्ही कुड्या काढून पुन्हा नीट बसवल्या आणि बुलढाण्याच्या त्या कॉलेजातल्या मुलीचं गाणं पहिल्यापासून लावलं. साडेतीन मिनिटं कान देऊन ऐकलं. गाणं संपलं आणि तिने लिहिलेल्या कौतुकाच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असं, परत उमटलं : दाद शून्य.

आता शून्य आलं तर आलं, त्यात एवढं हादरण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. पण ही बाई कोण होती ते आधी ऐका.

'सहा तारा' नावाचा इंटरनेटवर एक कट्टा होता. हौशी गिटारवाल्यांचा आणि स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्यांचा. अडीच हजार माणसं. कोणी टपाल खात्यातला, कोणी परिचारिका, कोणी निवृत्तीनंतर पहिल्यांदा गिटार हातात घेतलेला मुख्याध्यापक. सगळ्यांची बोटं सोललेली आणि सगळ्यांची गाणी अर्धीकच्ची. हा कट्टा प्रणिताने सुरू केला होता आणि तिथे एकच नेम होता. कोणी गाणं टाकलं की ऐकणाऱ्याने तीन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत, कितव्या मिनिटाच्या कितव्या सेकंदाला काय चांगलं वाटलं. दुसरीत, बोट कुठे घसरलं. तिसरीत, आता पुढे काय वाजवून बघ. नुसतं 'छान' किंवा 'मस्त' लिहायला बंदी होती. लिहिलंच तर प्रणिता ते पुसून टाकायची आणि लिहिणाऱ्याला खासगीत झापायची, की बाबा, त्या माणसाने आठ दिवस घासलंय आणि तू त्याला अंगठा दाखवून निघालास?

आणि कोणाचंही गाणं तीन ओळींवाचून पडून राहिलं, असं सहा वर्षांत एकदाही झालं नाही. कोणी नाही लिहिलं तर ती लिहायची. दुकानातली गिऱ्हाइकं आटोपली की आतल्या स्टुलावर बसून रोज दहा-बारा गाणी ऐकायची. लोक तिला ताई म्हणत. 'ताईंनी ऐकलं' एवढ्यावर लोकांचे आठवडे निघत.

मग कुड्या आल्या. नाव त्यांचं काही वेगळंच लांबलचक होतं, पण कानात घालायच्या म्हणून आपल्याकडे सगळे कुड्याच म्हणायला लागले. गाणं तर त्यातून ऐकू यायचंच, शिवाय त्या ऐकणाऱ्यालाही वाचायच्या. आपल्या मेंदूत सारखे बारीक विजेचे तरंग चालू असतात आणि त्यांचा माग कानाच्या नळीतल्या कातडीपर्यंत येतो. तिथेच नाडी लागते, तिथेच घामाचा अंश लागतो. एखादी जागा काळजाला भिडली की मेंदूतलं सुखाचं केंद्र चेततं, नाडी क्षणभर चुकते, अंगावर काटा येतो. या सगळ्याचे माग एकत्र करून कुड्या एक आकडा काढायच्या, शून्य ते शंभर. त्याचं नाव दाद. जिभेने काहीही म्हणा, आकडा खरं तेच सांगणार.

कट्ट्यावर मतदान झालं. दोन हजारांहून जास्त लोकांनी हात वर केला, आता खोटं कौतुक बंद म्हणून. आपल्या माणसांना खरं ऐकायची केवढी ती घाई! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते काय उगीच? पण प्रणितानेही हो म्हटलं होतं, कारण तिला तिच्या तीन ओळींवर भरवसा होता.

आणि पहिल्याच दिवशी शून्य.

तिने कुड्या बदलून घेतल्या. शून्य. नवऱ्याच्या कानात घातल्या तर त्याच गाण्याला त्याचे छत्तीस आले. तेव्हा मात्र तिच्या पायाखालची जमीन सरकली, कारण एक गोष्ट तिला साडेचार वर्षं माहीत होती आणि तिने ती कोणालाच सांगितली नव्हती.

साडेचार वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत बारीकशी गुठळी झाली होती. आठवडाभर उजवा हात जड राहिला, मग सुटला. सगळे म्हणाले, देवाची कृपा. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने गिटार मांडीवर घेतली आणि हात फिरवला. सूर बरोबर होते. कुठला कॉर्ड आहे ते कळत होतं, तार किंचित उतरलीय हे कळत होतं. फक्त त्याने काही होत नव्हतं. भांडी विसळताना जसा आवाज येतो तसा तो एक आवाज होता. तिला वाटलं, अशक्तपणा आहे, येईल परत. मग वाटलं, चांगलं गाणं ऐकलं की येईल. आणि म्हणून ती ऐकत सुटली. कट्ट्यावर येणारं प्रत्येक गाणं ती या एका आशेवर लावायची, की कोण जाणे, हेच ते असेल. स्वतःची गिटार मात्र तिने कपाटावर टाकली ती टाकलीच.

नागपूरच्या डॉक्टरांनी आता तिला चित्र काढून समजावलं. ऐकण्याचा भाग शाबूत आहे आणि सुखाचं केंद्रही शाबूत आहे. दोघांना जोडणारी जी वाट आहे, तेवढीच नेमकी गुठळीने बुजलीय. जेवणाची चव लागते, विनोदाला हसू येतं, नातवंडाला बघून पान्हा फुटेल, सगळं आहे. संगीताचा आनंद तेवढा गेला. अशी माणसं जन्मतःही असतात, त्यांचं काही अडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. औषध काय, असं तिने विचारलं. त्यांनी चित्राचा कागद घडी करून तिच्या हातात दिला.

येताना गाडीत नवरा हेमराज शेजारी होता. तो सिंचन खात्यातला सरळमार्गी माणूस, गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. वरोरा मागे पडल्यावर तो म्हणाला की त्याला माहीत होतं. ती पोळ्या लाटताना गुणगुणायची ते बंद झालं, त्याला चार वर्षं होऊन गेली. रेडिओ लागला की तिचा चेहरा पडतो म्हणून तो तिच्या आधी घरी येऊन रेडिओ बंद करून ठेवायचा. हे ऐकून प्रणिताला जे रडू फुटलं ते चंद्रपूर येईस्तोवर थांबलं नाही.

तेव्हाच तिने कट्ट्यावर खरं सांगून टाकायला हवं होतं. हेमराजही तेच म्हणाला. पण कट्ट्यावर तोवर कुजबुज सुरू झाली होती. ताईंना कोणाचंच आवडत नाही म्हणे. मग सहा वर्षं काय नाटक करत होत्या? बुलढाण्याच्या मुलीने आपलं गाणं काढून टाकलं. मुख्याध्यापकांनी लिहिलं की या वयात आपण हसं करून घेतलं. एकेक जण दार ओढून घेऊ लागला आणि प्रणिताचा धीर सुटला.

उपाय तिला अपघातानेच सापडला. एके दुपारी ती गाणं ऐकता ऐकता संत्र्याची बर्फी खात होती. आकडा आला बेचाळीस. ती चमकली. दुसरं गाणं, बर्फीशिवाय : शून्य. बर्फीसकट : पंचेचाळीस. अहो, सुखाचं केंद्र शेवटी एकच! ते गाण्याने चेतलं की गोडाने, हे कुड्यांना काय कळणार? चोराच्या हाती किल्ली लागावी तसं झालं. त्या दिवसापासून दुकानात आतल्या फळीवर बर्फीचा डबा आला. तीन ओळी ती पूर्वीसारख्याच खऱ्या लिहायची, त्यात एक अक्षर खोटं नसायचं. आकडा तेवढा बर्फीचा.

कट्टा पुन्हा बहरला. माणसं परत आली. प्रणिताचं वजन चार किलोंनी वाढलं. हेमराज एकदा डब्याकडे बघून म्हणाला, "कायले करतेस हे? साखर वाढून बसशील." ती म्हणाली की माणसं गात आहेत, बाकी काही बघू नका.

त्या माणसांत एक देवाजी मडावी होता.

आलापल्लीच्या पुढे जंगलात वनखात्याचा एक तपासणी नाका आहे, तिथला हा राखणदार. वय छत्तीस. गाड्या आता कॅमेरेच मोजतात, पण आडवा बांबू उचलायला आणि वहीत सही करायला माणूस लागतो, तो हा. नाक्यावर रेंज नसायची. गाणं टाकायचं तर पाण्याच्या टाकीवर चढून फोन उंच धरावा लागायचा. चार वर्षांपूर्वी त्याने कट्ट्यावर पहिल्यांदा लिहिलं होतं : बायको वारली, सहा महिन्यांत कोणाशी बोललो नाही, गिटार घेतली आहे, शिकवाल का. पुढे खासगीत त्याने प्रणिताला हेही सांगितलं होतं की गिटार घ्यायच्या आदल्या आठवड्यात तो नदीवर गेला होता आणि परत आला होता. का परत आलो ते माहीत नाही, म्हणाला. प्रणिताने उत्तरात त्याला पहिले तीन कॉर्ड शिकवले. तेव्हापासून त्याने एकसष्ट गाणी केली आणि एकसष्टांना तिने तीन-तीन ओळी लिहिल्या.

त्याचा आवाज खरखरीत होता, ताल चुकायचा. पण शब्द त्याचे त्याचे होते.

बांबू वर, बांबू खाली, गाडी आली, गाडी गेली,
नाव काय रे भाऊ तुझं, कोणी विचारलं नाही.

बासष्टावं गाणं हे होतं. प्रणिताला त्यातल्या शब्दांनी भरून आलं, कारण शब्दांची वाट तिची शाबूत होती, पण ते दुःख होतं आणि कुड्या फक्त सुख मोजायच्या. सुरांनी नेहमीप्रमाणे काही झालं नाही. या माणसाला बेचाळीस काय द्यायचे, असं तिच्या मनात आलं आणि तिने एक सोडून दोन बर्फ्या तोंडात टाकल्या. आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

करायला गेली गणपती आणि झालं माकड, ते असं.

कट्ट्याचा दरवर्षी नागपुरात मेळावा भरायचा. पूर्वी त्यात चिठ्ठ्या टाकून नावं निघत. या वर्षी कोणीतरी सुचवलं की ज्यांच्या गाण्याला एकदा तरी ऐंशीच्या वर दाद आलीय त्यांनीच गावं, आणि सभागृहातल्या सगळ्यांनी कुड्या घालाव्या, म्हणजे सरासरी आकडा पडद्यावर दिसेल. ठरलं. देवाजीचं नाव आपोआप यादीत आलं. चार वर्षांत तो आलापल्लीच्या पलीकडे गेला नव्हता. त्याने प्रणिताला विचारलं, जाऊ का? नको म्हणावं तर अठ्ठ्याऐंशीचं काय सांगायचं? ती म्हणाली, जा.

सभागृहात तीनशे माणसं होती. देवाजीने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्याने आधी पहिल्या रांगेत प्रणिताला शोधलं, मान झुकवली आणि सुरू केलं. पडद्यावर आला एकोणीस. मग चौदा. पहिलं कडवं संपता संपता अकरा. तो मागच्या पडद्याकडे बघत नव्हता, पण लोक बघत होते आणि तो लोकांचे चेहरे बघत होता. दुसऱ्या कडव्यात ताल सुटला. एकाएकी त्याने मान वळवून पडदा पाहिला. तिथे सहा होता. तो गायचा थांबला.

आणि तो थांबल्याबरोबर आकडा वर चढायला लागला. बारा, वीस, एकतीस. सुटल्याचं सुख त्या तीनशे माणसांच्या कानांतून पडद्यावर चढत होतं आणि देवाजी उभा राहून ते वाचत होता. एकोणचाळीसवर त्याने गिटार उचलली, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेला. प्रणिता मागे धावली तोवर तो रस्त्यावर कुठेच नव्हता.

चार दिवस त्याचा फोन लागला नाही. रेंज नसेल, असं हेमराज म्हणत राहिला. प्रणिता दुकानात माणसांना भिंग लावून 'हे बरं की ते' विचारायची आणि उत्तर न ऐकताच पुढचं भिंग लावायची.

पाचव्या दिवशी ऋजुता काळेगावकरने कट्ट्यावर एक प्रश्न टाकला. ऋजुता लातूरची दातांची डॉक्टर, कट्ट्यावर नवी, स्वभावाने भाबडी. झोपेत दात खाणाऱ्या रुग्णांसाठी ती असलेच कानातले संवेदक वापरायची. जबड्याचा स्नायू कानाला लागूनच असतो, त्यामुळे माणूस चावायला लागला की त्या लहरींत एक ठरावीक खडबड उमटते. तिने कौतुकानेच, कट्ट्यावर सगळ्यांना खुले असलेले ताईंचे आलेख उघडून पाहिले होते, एवढी उत्तम रसिकता दिसते तरी कशी म्हणून. तर ताईंच्या प्रत्येक दादेत तिला ती खडबड दिसली. तिने अगदी निरागसपणे विचारलं, "ताई, गाणं ऐकताना तुम्ही काही खाता का? मोठ्या आकड्यांच्या वेळी जास्त खाता, असं दिसतं."

प्रणिताने तासाभराने उत्तर लिहिलं. हो, बर्फी. मग सगळंच लिहिलं, गुठळी, बुजलेली वाट, साडेचार वर्षं. पण बर्फीच्या पुढे कोणी वाचलंच नाही. आमच्या गाण्यावर हिने बर्फ्या चापल्या! संध्याकाळपर्यंत सातशे माणसांनी कट्टा सोडला. उरलेल्यांनी तिला तिच्याच कट्ट्याच्या व्यवस्थेतून काढलं, आणि तिला यापुढे कोणाचंही गाणं ऐकता येणार नाही अशी कडी घातली. ऋजुताने रडत फोन करून माफी मागितली. प्रणिता तिला म्हणाली की तू खरं तेच विचारलंस, तुझं काही चुकलं नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. फोनवर देवाजीची एक ओळ येऊन पडली होती.

"ताई, माझीपण बर्फीच होती का?"

तिने लगेच फोन लावला. नंबर बंद. कट्ट्यावर त्याचं नाव शोधलं. खातं गेलं होतं आणि बासष्ट गाणीही गेली होती.

सकाळी पहिल्या बसने ती निघाली. हेमराज बरोबर येतो म्हणाला, तिने नको म्हटलं. हे आपण एकटीने केलंय, एकटीने निस्तरते. विजेवरची ती बस आवाज न करता जंगलातून पळत होती आणि त्या शांततेत प्रणिताचं डोकं भणभणत होतं. आधी नदी, मग गिटार, मग बासष्ट गाणी, आणि त्यातली गाणी तर आता गेली. राहिलं काय? तिने आयुष्यात नवस केला नव्हता, तो त्या बसमध्ये केला. त्याला जिवंत ठेव, मग मला काही ऐकू आलं नाही तरी चालेल, कधीच नाही आलं तरी चालेल.

नाक्यावर दुसराच माणूस होता. देवाजीची खोली उघडी होती. दाराशी वालाचा वेल चढवला होता आणि त्याचा आधार म्हणून बांबूंना गिटारच्या सहाही तारा ताणून बांधल्या होत्या. बिनतारेची गिटार भिंतीला उपडी टेकलेली. प्रणिताने विचारलं, कुठे गेला? तो माणूस म्हणाला, सकाळपासून नदीकडे गेलाय.

ती धावली. बावन्न वर्षांची, चार किलो वजन वाढलेली बाई, सँडल हातात घेऊन कच्च्या वाटेने धावली. वाटेत दोनदा पडली. तोंडाने त्याचं नाव घेत होती, पण दम नसल्यामुळे आवाज फुटत नव्हता.

तो पुलाच्या कठड्यावर बसला होता.

प्रणिता धप्पकन त्याच्या बाजूला बसली आणि त्याचा दंड घट्ट पकडला. देवाजीने आधी तिच्या फुटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग दंडावरच्या हाताकडे.

"सोडा ताई," तो म्हणाला. "काल आलो होतो त्याच्यासाठी. पण हा मार्च आहे. पाणी गुडघ्याएवढं. मरायचं तर वाकावं लागलं असतं. तसाच उभा राहिलो थोडा वेळ आणि मग मलाच कसंतरी वाटलं."

प्रणिता हसली की रडली, तिचं तिलाही कळलं नाही. हात मात्र तिने सोडला नाही.

"किती खाल्ल्या माझ्या गाण्यावर?" त्याने विचारलं.

"दोन."

"आणि दुसऱ्यांच्या?"

"एकेक."

मग तिने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, कट्ट्यावर कोणी वाचलं नव्हतं ते. गुठळी कशी झाली, वाट कशी बुजली, सूर ऐकू येतो पण पोचत नाही. त्याच्या पहिल्या गाण्यापासून बासष्टाव्यापर्यंत सुरांनी एकदाही काही झालं नाही, हेही तिने सांगितलं. हे सांगताना तिला वाटलं की आता हा उठून जाईल. पण आता खोटं बोलायची तिच्यात ताकदच उरली नव्हती.

"मग का ऐकत होता?"

"आज ना उद्या येईल म्हणून. प्रत्येक गाणं लावताना वाटायचं, हे असेल. दुसरं काय करणार होते मी, देवाजी? बसून राहिले असते तर वेडी झाले असते. तुम्ही सगळे गात होता म्हणून मला उद्याची वाट बघता येत होती. मी तुम्हाला धीर देते असं सगळ्यांना वाटायचं. मला कोण देत होतं?"

खाली वाळूत बगळे उभे होते. एक ट्रक पुलावरून गेला आणि पूल हादरला. मग ती म्हणाली की तिला कट्ट्यावरून काढलंय, आता तिला कोणी ऐकू देणार नाही. तू एकदा गा.

"गिटार नाही," तो म्हणाला. "तारा वेलाला बांधल्या. आणि तुम्हाला काही होणार नाहीच, तर कशाला गाऊ?"

प्रणिताने पर्समधून कुड्या काढल्या, कानात घातल्या आणि फोन दोघांच्या मध्ये कठड्यावर ठेवला. पडद्यावर आकडा दिसत होता, शून्य. "बघ," ती म्हणाली. "हातात काही नाही, तोंडात काही नाही. जे येईल ते तुझ्यासमोर येईल."

देवाजीने तोंड नदीकडे फिरवलं. पहिल्या दोन ओळी त्याने नुसत्या पुटपुटल्या. मग मांडीवर थाप धरली आणि आवाज मोकळा केला. बांबूचं गाणं नव्हतं हे. नवं होतं, कालच्या पाण्याचं असावं, कारण त्यात गुडघे होते आणि वाकणं होतं. आवाज तसाच खरखरीत, तालही तसाच कुठेकुठे चुकत होता. प्रणिता डोळे मिटून ऐकत होती. तिने पुन्हा एकदा सगळी ताकद लावली, अगदी पहिल्या दिवसासारखी. कुठल्यातरी सुराने आता तरी आत यावं म्हणून मनातल्या मनात पदर पसरला.

गाणं संपलं. त्याने वळून फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

तिला सांगायलाच हवं होतं. आयुष्यात यापेक्षा कठीण काही ती बोलली नव्हती. "काही नाही आलं," ती म्हणाली.

"कुठेच नाही? शेवटी आवाज चढवला तिथे पण नाही?"

"नाही रे. कुठेच नाही."

देवाजीने मान हलवली. तो खालच्या पाण्याकडे बघत होता आणि प्रणिता त्याच्याकडे.

"तिकडे तीनशे लोक होते," तो हळूहळू म्हणाला. "त्यांना दोन मिनिटं नाही आवडलं आणि मी थांबलो तर त्यांना बरं वाटलं. तुम्हाला चार वर्षं काही नाही झालं आणि तुम्ही बासष्ट ऐकली." मग तो कठड्यावरून उतरला आणि पँट झटकली. "हे नाही तर हे नाही. आज तारा सोडवतो. उद्या दुसरं करून बघू. थांबाल?"

परतीची बस चारला होती. प्रणिताने कुड्या काढल्या आणि देवाजीच्या मागोमाग चालत नाक्यावर आली. तो वेलाच्या नाजूक विळख्यांना धक्का न लावता एकेक तार सोडवत बसला. ती टाकीवर चढली, फोन उंच धरून हेमराजला लावला आणि आज परत येत नाही म्हणून सांगितलं. तो घाबरला. काही झालं का, असं त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच झालं नाही. म्हणून तर थांबतेय."